देव धाडतो, की माणसे येतात?

(पुण्याच्या पेठेत राहणाऱ्या 61 वर्षांच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सहा महिन्यांपूर्वी मंडईत भाजी घेताना त्यांच्या यजमानांच्या छातीत कळ आली आणि ते घामाघूम होऊन जागच्या जागी खाली बसले. पालेभाजी विकणाऱ्या एका बाईंनी आपले बसायचे पोते अंथरून त्यांना टेकवले, तोंडावर पाणी शिंपडले आणि पदराने वारा घातला. एका रिक्षावाल्याने दोघांना रुग्णालयात पोहोचवले आणि भाड्याचे विचारायच्या आत तो निघून गेला. रुग्णालयात, स्वतःच्या आजीला घेऊन आलेल्या एका तरुणाने यांचे फॉर्म भरले, औषधे आणली आणि बाईंचा मुलगा परगावाहून येईपर्यंत तो त्यांच्याशेजारी बसून राहिला. यजमान चौथ्या दिवशी गेले. आता नणंद म्हणतात, “महाराजांनीच ती माणसे धाडली होती.” मुलगा चिडून म्हणतो, “श्रेय देवाला देऊन त्या माणसांचा अपमान करू नका.” बाई स्वतः लिहितात की, देव्हाऱ्यासमोर बसले की आत काहीच हलत नाही, पण मंडईतला तो प्रसंग आठवला की तिथे देव उभा होता असे खात्रीने वाटते. हे खरे, की दुःखाने मनाने रचलेले? देव तिथे होता, तर त्याने यांना वाचवले का नाही? पूजा थांबवावी का? आणि ज्यांची नावेसुद्धा ठाऊक नाहीत, त्यांचे ऋण फेडायचे कसे?)

ताई,

तुमचे चारही प्रश्न मोठे आहेत. पण मी सुरुवात करणार आहे ती तुम्ही पत्राच्या दुसऱ्या पानावर, जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापासून. तुमच्या घरी सहाणेवर गंध उगाळण्याचे काम लग्नापासून यजमानांकडे होते आणि नैवेद्याची वाटी तुमच्याकडे, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे चौतीस वर्षे रोज सकाळी त्या देव्हाऱ्यासमोर दोन माणसे बसत होती आणि आता एकच बसते. देव्हाऱ्यातून देव उठून गेला, असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे आणि त्याबद्दल स्वतःला दोषही देत आहात. तिथून उठून गेले ते तुमचे यजमान, हे मात्र तुम्ही लक्षातच घेतलेले नाही. ज्या जागेशी एखाद्या माणसाची सवय इतकी जोडलेली असते, त्या जागी बसून भक्तीची अपेक्षा करणे सहा महिन्यांत तरी जड जाणारच. स्वयंपाकघरात त्यांचा चहाचा कप दिसला की घशाशी आवंढा येतो, हे आपण शोक म्हणून मान्य करतो. तेच सहाण दिसल्यावर झाले, तर ती नास्तिकता कशी होईल?

म्हणून पूजा थांबवावी की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, ती थोडी करावी. सकाळी निरांजन लावावे, हात जोडावेत आणि उठावे. सहाण पाहवत नसेल तर ती काही दिवस कपाटात ठेवावी, त्याने कोणी कोपत नाही. आपल्या परंपरेत मानसपूजेला पूर्ण मान्यता आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे कधी मुलगा सुटीला घरी आला आणि त्याने आपण होऊन चंदनाचे खोड हातात घेतले, तर घेऊ द्यावे, पण त्याला तसे सुचवू नये.

आता नणंद आणि मुलगा यांच्या वादाकडे वळतो. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की, या दोघांपैकी एकाची बाजू तुम्हाला घ्यायलाच हवी. मुलाचे खरे मानले तर देव गेला आणि नणंदेचे खरे मानले तर माणसे गेली. हा पेच खरा आहे का, हे तपासून पाहू या. त्यासाठी आधी मुलाची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती तुमच्या घरात अजून कोणी ऐकलेली दिसत नाही. वडील गेल्याच्या संतापात तो बोलला असेल, तरी त्याच्या बोलण्यात तथ्य आहे.

दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दामाजींनी बादशाही कोठारातले धान्य भुकेल्यांना वाटून टाकले, त्यांच्यावर शिक्षेची पाळी आली, तेव्हा पांडुरंग महाराचे रूप घेऊन बीदरला गेला, धान्याची रक्कम भरून आला आणि पावतीही घेऊन आला. देव अनोळखी माणसाच्या रूपाने धावून येतो, ही आपली श्रद्धा ज्या कथांमधून आली त्यांतली ही एक सुंदर कथा. पण याच मंगळवेढ्यात त्याच्या आधीच्या शतकात चोखोबा राहत होते. जन्मभर त्यांना पंढरीच्या देवळात पाऊल ठेवता आले नाही. गावकुसाचे काम करताना ते भिंतीखाली गेले आणि त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेवांच्या पायरीसमोर आहे. देवाने महाराचे रूप घेतले म्हणून गहिवरून जाणारा समाज खऱ्या महाराला सहा शतके देवळाबाहेर उभा ठेवू शकला आणि ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. मुलाच्या मनात हा इतिहास असेल किंवा नसेलही, पण त्याचा आक्षेप याच जागी बोट ठेवतो. ‘देवच आला होता’ असे म्हटले की आलेल्या माणसाकडे पाहण्याची, त्याला घरात घेण्याची, त्याचे नाव विचारण्याची गरज संपते, आणि ती संपू देणे आपल्याला फार सोयीचे असते.

तुमच्या नणंदेला असे काही अभिप्रेत नसणार. भावाच्या शेवटच्या शुद्धीत तो उन्हात एकटा पडलेला नव्हता, हा दिलासा त्यांना हवा आहे आणि तो त्यांनी आपल्या नेहमीच्या भाषेत मागितला आहे. त्यांच्याशी वाद घालू नये. मात्र तुमच्यापुरती एक कसोटी तुम्ही लावून पाहू शकता. मंडईत देव उभा होता असे तुम्हाला खात्रीने वाटते, तर त्या वाटण्याने पालेभाजीच्या त्या मावशी तुमच्या मनात अधिक स्पष्ट होतात, की पुसट होतात? त्यांचा चेहरा, त्यांनी खांद्यावरून ओढून घेतलेला पदर, गिऱ्हाईक सोडून त्या उठल्या तो क्षण, हे सारे तुमच्या पत्रात अतिशय ठसठशीत उतरले आहे. पोत्यावर आधी पाणी मारून त्यांनी ते गार केले आणि मगच यजमानांना त्यावर टेकवले, हेसुद्धा तुम्ही लिहिले आहे. रोज भाजी गार ठेवण्याची सवय असलेल्या हातांनी एका अनोळखी माणसासाठी ते केले, हे ज्याला दिसते आणि त्यातच ज्याला देव दिसतो, त्याच्या हातून माणसाचा अपमान होत नाही. म्हणून हे दुःखाने रचलेले असेल, ही भीती सोडून द्यावी. दुःखात माणसाला बारकावे दिसतात, कारण एरवीची घाई तेव्हा गळून पडलेली असते. नुसते रचलेले असते तर ते याहून गुळगुळीत असते.

वारीत आपण हेच करतो. ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात, एक भवानी पेठेत आणि एक नाना पेठेत दोन रात्री मुक्काम करते, आणि त्या दोन दिवसांत हे शहर ओळखू येत नाही. चर्मकार बांधव रस्त्यावर बसून वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला फुकट शिवून देतात, केशकर्तनालयांत दाढी-कटिंगचे पैसे घेत नाहीत, सोसायट्यांमधून पोळ्या गोळा होतात, वैद्यकीय विद्यार्थी सोललेल्या पायांना मलम लावत बसतात. जो भेटेल त्याला माउली म्हणायचे आणि वाकून नमस्कार करायचा. तिथे ‘हा देव की माणूस’ असा प्रश्न कोणाला पडत नाही. चपलेचा एक तुटलेला अंगठा शिवायचा असतो, एवढेच समोर असते. अर्थात पालखी दिवे घाटाकडे आणि लोणी काळभोरकडे वळली की आपण पुन्हा हॉर्न वाजवू लागतो, तो भाग वेगळा.

शिवाय मदत करणाऱ्याच्या मनात देव होता की नव्हता, याच्याशीही तुमच्या अनुभवाला कर्तव्य नसावे. ज्या मंडईत हे घडले तिला ज्यांचे नाव आहे, त्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये याच शहरात सत्यशोधक समाज स्थापन केला, तो निर्मिक म्हणजे जग निर्माण करणारा आणि माणूस यांच्या मध्ये कोणी दलाल नको म्हणून. सावित्रीबाई त्याच विचाराच्या. 1897 च्या प्लेगमध्ये त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे पोहोचवले, त्यातून त्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. पुण्य लाभावे म्हणून किंवा देवाची आज्ञा म्हणून त्यांनी ते केले, असे म्हणायला काहीच आधार नाही. तरीही त्या मुलाच्या आईला त्या पाठीवर देव दिसला असता, तर तिला चूक म्हणण्याचा अधिकार तुमच्या मुलाला नाही आणि मलाही नाही. त्याचप्रमाणे ‘त्यांना देवानेच पाठवले’ असे सावित्रीबाईंच्या तोंडावर सांगण्याचा अधिकार त्या आईलाही नसता. आपल्याला जे दिसले ते आपण सांगावे, दुसऱ्याच्या कृतीचा मालक ठरवू नये. तुमच्या घरातला वाद एवढ्याने मिटावा, असे मला वाटते.

देवाने वाचवले का नाही, या प्रश्नावर मी लांबलचक लिहिणार नाही. ‘धाडले’ हा शब्द अक्षरशः घेतला की हा हिशेब सुरू होतो. ज्याने रिक्षा धाडली त्याला रोहिणीत अडकलेली गुठळी का काढता आली नाही, असे विचारावेसे वाटते आणि त्याला कोणाकडेही समाधानकारक उत्तर नाही. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद झाली की स्नायू मिनिटामिनिटाला मरू लागतो. त्यात यजमानांचे पाप नव्हते आणि तुमच्या व्रतात काही कमी पडले असेही नव्हते. तुमच्या पत्रात तुम्ही मंडईतल्या देवाविषयी जे लिहिले आहे, त्यात त्याने मरण टाळण्याचे आश्वासन दिल्याचे कुठेही नाही. आपण एकटे नव्हतो, एवढेच तुम्ही लिहिले आहे. त्या अनुभवाकडून त्याने न दिलेल्या गोष्टीचा जाब मागू नये.

आता ऋणाचे. तुम्ही लिहिता की या माणसांची नावेही ठाऊक नाहीत, त्यामुळे फेड अशक्य आहे. ताई, हे तिघांपैकी दोघांच्या बाबतीत कदाचित खरे असेल. पण पालेभाजीच्या मावशी रोज सकाळी त्याच मंडईत, त्याच जागी बसत असणार. सहा महिन्यांत तुम्ही तिकडे फिरकला नाहीत, भाजी आता कोपऱ्यावरच्या दुकानातून येते, असे तुम्हीच लिहिले आहे. ती जागा पुन्हा पाहण्याचे धैर्य होत नाही, हे मी समजू शकतो. तरीही जावे, असे सुचवतो, कारण त्या बाईंच्या बाजूने विचार केला तर त्यांच्यासाठी ही गोष्ट अर्धीच राहिली आहे. त्यांनी एका माणसाला रिक्षात बसवून दिले आणि पुढे काय झाले ते त्यांना कोणी सांगितलेले नाही.

शनिवार-रविवारची गर्दी टाळून दुपारच्या सुमारास, गिऱ्हाईक कमी असताना जावे. सोबत मुलगा असला तर उत्तम. आधी भाजी घ्यावी, आणि तीही भाव करून, नेहमीसारखी. मग ओळख द्यावी आणि यजमान गेल्याचे सांगावे. त्या रडतील किंवा नुसते ‘अगं बाई’ म्हणतील, काहीही होऊ शकेल. पैशाचे पाकीट पहिल्याच भेटीत पुढे करू नये, कारण पाकीट पुढे आले की समोरच्याला तुमच्याकडे वरून किंवा खालून पाहावे लागते. पायाही पडू नये. ‘तुम्ही माझ्यासाठी देव आहात’ असे भर बाजारात ऐकणे कोणालाही अवघड जाते. त्याऐवजी त्यांनी नेमके काय केले ते त्यांना सांगावे, ते ओले पोते, तो वारा. आपण केलेले कोणाच्या एवढे लक्षात राहिले आहे, हे त्यांना बहुधा ठाऊकच नसेल. नंतर येणे-जाणे राहिले आणि त्यांच्या घरी कोणाचे शिक्षण किंवा औषधपाणी अडले आहे असे कळले, तर मदतीचा मार्ग आपोआप सापडेल, आणि तेव्हा तो शेजारधर्म असेल.

रिक्षावाल्यासाठी मंडईजवळच्या रिक्षा थांब्यावर तारीख आणि वेळ सांगून विचारावे. अशा गोष्टी थांब्यावर लक्षात राहतात. नाही सापडले, तर एखाद्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात चार ओळी लिहाव्यात. तक्रारीचे पत्र आपण पुण्यात तत्परतेने लिहितो, आभाराचेही कोणी तरी लिहायला हरकत नाही. त्या तरुणाचा शोध मात्र रुग्णालयाच्या नोंदींतून घेऊ नये. दुसऱ्या रुग्णाची माहिती देणे त्यांना योग्य नव्हे, आणि काही माणसे न सापडणेही मान्य करावे लागते. अशा न फिटलेल्या ऋणासोबत जगणे मला वाईट वाटत नाही. ज्याची फेड होऊ शकत नाही, ते पुढच्या माणसाला देण्यावाचून गत्यंतर नसते.

ते पुढे देणे कसे असावे, हे तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही लिहितो. 108 या क्रमांकावर महाराष्ट्रात आपत्कालीन रुग्णवाहिका विनामूल्य मिळते, हे घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनाही पाठ असावे. बेशुद्ध पडलेल्या आणि श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे तंत्र एका दुपारच्या वर्गात शिकता येते. ते सोसायटीत एकदा तरी शिकवून घ्यावे. रस्त्यावरच्या अपघातात मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती बहुतेकांच्या मनात असते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालाने आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मदतकर्त्याला संरक्षण दिलेले आहे आणि स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर नाही. तुमचा मुलगा निरोगी असेल, तर त्याला दर तीन महिन्यांनी रक्तदान करता येईल. देवाचे नाव न घेता काही करण्याची त्याची इच्छा त्यात पूर्ण होईल.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. अनोळखी माणसात देव पाहणे म्हणजे कोणाही अनोळखी माणसाच्या हाती पर्स देणे नव्हे. रुग्णालयांच्या आवारात गोंधळलेल्या नातेवाइकांना हेरून ‘मी पैसे भरून येतो’ म्हणणारेही असतात. पैसे खिडकीवर स्वतः भरावेत आणि पावती घ्यावी. पावती तर पांडुरंगानेही घेतली होती.

वर्षश्राद्धाविषयी तुम्ही शेवटी विचारले आहे की, नेहमीची पंगत करावी की दुसरे काही. नणंदेला दुखवून पंगत रद्द करू नये, पण ती लहान ठेवावी. उरलेल्या रकमेतून ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात परगावाहून आलेल्या, दिवसदिवस बाकावर बसून राहणाऱ्या नातेवाइकांसाठी काही करता येईल. घरचे अन्न थेट वॉर्डात नेऊन वाटू नये, कारण रुग्णांचे पथ्य असते. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटावे आणि सध्या कशाची अडचण आहे ते विचारावे. कोणाला परतीच्या एसटीचे भाडे नसते, कोणाला पांघरूण नसते, कोणाला फक्त फॉर्म वाचून भरून देणारे माणूस हवे असते. तुम्ही निवृत्त शिक्षिका आहात आणि तुमचे अक्षर, हे पत्र पाहता, अजूनही सुरेख आहे. नणंदेलाही सोबत न्यावे आणि भेटीची वेळ आधी फोन करून ठरवावी, म्हणजे दोघींना उगीच रांगेत उभे राहावे लागणार नाही.